चार पोरं, चार वाण

अक्कांच्या हातात नवं पुस्तक दिलं की त्या आधी ते तळहातावर तोलून बघायच्या. मग एक पान बोटांत धरून चोळायच्या, पुस्तक मागून उघडायच्या आणि शेवटचा धडा बोट फिरवत वाचायच्या. "शेवटचा धडा पयल्यापरीस सोपा आसला तर वळखायचं, पुस्तक फसवं हाय," असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी कुठून आणलं ते मला कधी कळलं नाही. पण त्या मताच्या हाताखाली मी काही वर्षं राबले, आणि खरं सांगायचं तर नुसती आठवण निघाली तरी माझी कंबर दुखायला लागते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दिंद्रुडला आमचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. दुकान नावाला दोघा भावांचं. थोरले दीर स्वभावानं इतके गरीब की गिऱ्हाईकानं आवाज चढवला की ते गोदामात काहीतरी काम काढून जायचे. माझे यजमान माल आणायला सदा गाडीवर. गादीवर बसायच्या त्या अक्का. उंच बांधा, कपाळावर विभूतीचे पट्टे, दाढेखाली लवंग. आमच्या घराण्यात व्यापार पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण गादीवर बसलेली बाई ही पहिलीच. नववीत असताना शाळा सुटून, लग्न होऊन त्या या घरात आल्या होत्या. कापसाला कोणती फवारणी, तुरीला किती अंतर, हे त्या अशा ठसक्यात सांगायच्या की मिशीवाले शेतकरीसुद्धा मान खाली घालून ऐकायचे.

बी विकायच्या आधी त्याची उगवण बघायची, हा त्यांचा धर्म होता. कंपनीनं पिशवीवर काय छापलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मृगाच्या आधी सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात मांडायचे, गोणपाट गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि आठवड्यानं उघडून बघायचं. मोड आलेले दाणे भरपूर निघाले तर माल दुकानात, नाहीतर परत. त्या दिवसांत आमच्याकडे अंघोळीला जाणाऱ्यानं गोणपाट ओलांडून जायचं आणि साबणाचं पाणी तिकडं जाऊ द्यायचं नाही, असा कडक नियम होता. हाच न्याय पुढे आमच्या पोरांना लागला.

मी डी.एड. झालेली. आमच्या भागात डी.एड. झालेल्या मुली घरोघरी आहेत, नोकऱ्याच तेवढ्या नाहीत. भरती निघेल, निघेल म्हणता म्हणता माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली आणि प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं. लॉकडाऊन लागला तेव्हा शाळा बंद, चार पोरं घरात, आणि फोन एकच. अक्कांचा बसू आणि उमा, माझी पल्लवी आणि विरू. त्यांचा दंगा ऐकून अक्कांचं डोकं फिरायचं म्हणून मी त्यांना गोदामाशेजारच्या खोलीत बसवून शिकवायला लागले. पोरं शिकली. विरू तर जोडाक्षरं वाचायला लागला. शाळा उघडल्या तेव्हा मी चौघांचे गणवेश धुऊन इस्त्री करून ठेवले होते. अक्कांनी ते बघितले आणि म्हणाल्या, "घरात मास्तरीण आसताना पोरं बाहिर कशापायी धाडायची?"

मला त्या वेळी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत मला मास्तरीण म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. शाळेतून गुरुजी विचारायला आले, त्यांना अक्कांनी चहा पाजला, हरभऱ्याचं चांगलं बी बांधून दिलं आणि गोड बोलून वाटेला लावलं. शाळेचे बूट पोरांनी चिखलात घालून फाडले. मग अभ्यासक्रम कोणता धरायचा, हा प्रश्न आला आणि माझा आनंद तिथं संपला.

मला वाटलं होतं, सरकारी पाठ्यपुस्तकं आणू आणि सुरू करू. अक्का म्हणाल्या, "बिगर बगता कसं पेरायचं?" त्यांनी बीडहून, परभणीहून, पुण्याच्या कुठल्या बाईकडून, जिथून मिळतील तिथून पुस्तकं मागवली. युरियाच्या पोत्यांवर पुस्तकांच्या थप्प्या लागल्या. दिल्लीच्या बोर्डाची इंग्रजी पुस्तकं, परदेशी पद्धतीचा रंगीत लाकडी मण्यांचा एक खोका, गोष्टींतून गणित, गाण्यांतून विज्ञान. त्यातल्या प्रत्येकाची उगवण बघायची. मी पहिला धडा शिकवायचा. मग आठ दिवस घरात कुणी त्या धड्याचं नाव काढायचं नाही. नवव्या दिवशी अक्का पोराला गादीजवळ बोलावून विचारायच्या, "सांग, काय ध्यानात हाय?"

"पयल्या दिशी तर समद्यालाच येतं," त्या म्हणायच्या. "आठ दिसानं काय उरतंय, ते खरं."

असाच एक टॅबलेट विकणारा पोरगा आला होता, टाय लावून. पडद्यावर हत्ती नाचत होता आणि अपूर्णांक शिकवत होता. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उगवण किती हाय ह्याची?" त्याला काही कळेना. तो मला म्हणाला, "मॅडम, यांचा प्रश्न जरा समजावता का?" मी समजावला. तो म्हणाला, रिझल्ट उत्तम आहे. "रिझल्ट कंपनी सांगती. उगवण आपुन बगायची," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी विरूला त्या हत्तीसमोर बसवलं. टायवाल्याला सांगितलं, आठ दिवसांनी ये. मला वाटलं, हा काही परत येत नाही. पण बिचारा आला. अक्कांनी विरूला विचारलं, काय ध्यानात आहे? विरू उठला आणि हत्ती नाचला तसा हुबेहूब नाचला. अपूर्णांकाचं नाव नाही. टायवाला स्वतःच हसला, चहा प्याला आणि मुगाची पिशवी घेऊन गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही लई सहन करता." अनोळखी माणसाच्या तोंडून ते ऐकून मला रडू आलं.

एवढं सगळं तपासून एकच काय तो अभ्यासक्रम निवडतील, अशी माझी अटकळ. एके दिवशी सकाळी पूजा आटोपून अक्का खोलीत आल्या आणि चौघांपुढे चार वेगवेगळ्या थप्प्या ठेवल्या. बसू थोरला, त्याची दहावी जवळ, त्याला राज्याची पुस्तकं. पल्लवीला दिल्लीची. विरूला मण्यांचा खोका. आणि उमाला काहीच नाही.

"उमाचं घरचं वाण," अक्का म्हणाल्या. "ती दुकानात शिकंल. तिचं मी बगते."

"अक्का, चौघांना चार? मी एकटी कशी शिकवू?"

"एकाच वाणावर समदं रान कोन पेरतं? चार रानं, चार वाण. एक बसलं, उगवलंच न्हाई, तर तीन येतेत."

"म्हणजे कोणतं तरी पोरगं बसलेलं चालंल म्हणता?"

 बी विकणाऱ्या अक्कांना यात चुकतंय काय ते दिसेना. आयुष्यभर त्यांनी शेतकऱ्यांना हाच शहाणपणा सांगितला होता आणि तो खराही होता. "तसं न्हाई गं," एवढंच म्हणून त्या गिऱ्हाईकाकडे गेल्या. उमावरच अभ्यासक्रम नसलेला प्रयोग का, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जे कुठंच तपासलं न्हाई ते दुसऱ्याच्या पोरावर कसं घालू? ट्रायल आपल्याच रानात घ्यायची आसती." त्यांचा हा न्याय मला तेव्हा मोठा वाटला होता.

आता माझा दिवस सांगते. तव्यावर भाकरी, डाव्या हाताला बसूचं बीजगणित, उजवीकडे पल्लवीचा इंग्रजी धडा. पायाशी विरू मणी ओवतोय, म्हणजे निम्मे मणी भाकरीच्या पिठात. चौघांची पुस्तकं एक असती तर थोरल्यानं धाकट्याला शिकवलं असतं. आमच्याकडं एकाचं दुसऱ्याला काही कळतच नव्हतं. पल्लवी अडली की बसूला विचारायची सोय नाही, कारण बसूच्या पुस्तकात ते नाहीच. लाईट गेली की पल्लवीला फोनवरून इंग्रजी शिकवणारी ऑनलाईन बाई मधेच अडकायची. पुढून कुणीतरी ओरडायचं, "झिंक हाय का?" घरी डोकावणारा प्रत्येक शेजारी म्हणायचा, पोरं घरीच आहेत तर एवढं दळण घेऊन येऊ दे. शाळेत घंटा होते. आमच्या घरात घंटाच नव्हती, त्यामुळे शाळा कधी सुटायचीच नाही. मी इतकी बेजार झाले होते की जेवताना घास तोंडाशी नेऊन तशीच बसून राहायची.

एकदा पल्लवीला शुद्धलेखन चुकलं म्हणून मी रागावले. ती रडत रडत म्हणाली, "आता तू बाई हायस का आई?" मी म्हणाले, बाई. ती म्हणाली, "मग आई कुठं हाय? मला तिला सांगायचंय." मी तिला जवळ घेतलं, पण दुसऱ्या हातात लाल पेन तसाच होता.

विरूचा खोका तर वेगळंच प्रकरण. मण्यांबरोबर आलेल्या वहीत दर आठवड्याला निसर्गाचं एक निरीक्षण असायचं, आणि तो निसर्ग आमच्या तालुक्यातला नव्हता. एका आठवड्याला आलं, खिडकीवर साचलेल्या बर्फाचं चित्र काढा. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. मी ते पान वगळलं. पण अक्कांनी वगळू दिलं नाही. "माल आर्धा वापरून वाण खराब म्हनायचं न्हाई," असा त्यांचा दंडक. त्यांनी फ्रीज उघडून विरूला त्यासमोर पाटावर बसवलं आणि बर्फाचं चित्र काढायला लावलं. त्या दिवशी दूध नासलं. पण चित्र छान आलं, ते अजून माझ्याकडं आहे.

दर सोमवारी आम्हा लिंगायतांच्या घरी जंगम स्वामी भिक्षेला यायचे; सगळे त्यांना अय्या म्हणायचे. वयस्कर, शांत, गावोगाव फिरून पाय थकलेले. अक्कांनी त्यांना आमच्या शाळेचा साहेब करून टाकलं. "अय्या, आधी पोरान्ला एक प्रश्न इचारा, मग भिक्षा." स्वामी गोंधळले. मग म्हणाले, "सात आठे?" चौघं ओरडले, "छप्पन्न!" अक्का खूश. पुढल्या सोमवारी स्वामींनी पुन्हा तेच विचारलं, त्याच्या पुढल्या सोमवारीही तेच. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं, आणि दारात पाऊल ठेवल्याबरोबर पोरंच ओरडायला लागली, "छप्पन्न!" मी अक्कांना म्हणाले, "दर सोमवारी एकच प्रश्न. ह्याला तपासणी म्हणायचं का?" त्या म्हणाल्या, "मग? उत्तर बदललं का?" 

उमाचं मात्र खरंच चाललं होतं, किंवा तसं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ती आईशेजारी गादीवर बसायची. पिशवीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचायची, पंपाला किती औषध ते तोंडी सांगायची, शेतकऱ्याचं पान बघून कीड ओळखायची. अक्का तिला कापसाचे भाव वाचायला लावायच्या, संतांची वचनं पाठ म्हणायला लावायच्या, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी मायलेकी काहीबाही बोलून हसत बसायच्या. अक्कांना मी तेवढ्याच वेळेला हसताना बघितलं. लोक म्हणायचे, ही दुसरी अक्का. अक्का ते ऐकून पदर सारखा करायच्या.

मग नांदूरघाटला लग्न होतं, आमच्या चुलत नणंदेच्या मुलीचं. मांडवात पोरींचा घोळका बसला होता. अशा घोळक्यात आपल्याकडे एकच प्रश्न असतो. नाव नंतर, आधी कितवीला आहेस? एक सातवीला, एक आठवीला, पल्लवीनंही काहीतरी सांगितलं. उमाची पाळी आली. मी पंगतीत वाढत होते, मला सगळं ऐकू येत होतं. उमा म्हणाली, "मी... दुकानात." पोरी फिदीफिदी हसल्या. एकीनं विचारलं, "शाळा सोडलीस का? लगीन ठरलं का काय?" उमा उठून हात धुवायला गेली. जेवली नव्हती, तरी हात धुवायला गेली.

परत येताना गाडीत ती माझ्याजवळ बसली होती. गाडी बऱ्यापैकी पुढे आल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "काकू, मी कितवीला हाय?"

 माझ्याजवळ दोन वर्षांचं प्रशिक्षण होतं, तीन बोर्डांची पुस्तकं घरात होती, आणि एका पोरीला ती कितवीला आहे हे मी सांगू शकत नव्हते. माझी मलाच इतकी चीड आली की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. पुढे अक्का बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या मागं न बघता म्हणाल्या, "बियाण्याला काय इयत्ता आसती का?"

उमा म्हणाली, "मी बियाणं न्हाई, आई. मला शाळंत जायचंय. मला नर्स व्हायचंय."

ते कुणालाच माहीत नव्हतं.  दुसऱ्या दिवसापासून उमा गादीवर बसायची, पिशव्या द्यायची, पैसे परत करायची, पण तोंडातून शब्द नाही. दुपारचं हसणं बंद झालं. अक्का शेतकऱ्यांवर उगाच करवादायला लागल्या. एकदा तर एका म्हाताऱ्याला तुरीऐवजी मूग बांधून दिले आणि तो परत आला तर त्यालाच बोलल्या.

आठवडाभर हे चाललं. मग त्या माझ्याकडे आल्या. "आटवीचं गणिताचं पुस्तक काढ. उमाला एक धडा शिकीव. उगवण बगू."

मी समांतर रेषांचा धडा शिकवला. एकदाच. मग नियमाप्रमाणे आठ दिवस आम्ही कुणी त्याचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी अक्कांनी तिला विचारलं. उमानं गल्ल्याच्या काचेवरच्या धुळीत बोटानं दोन रेषा काढल्या, तिसरी आडवी नेली आणि सगळे कोन एकेक करून सांगितले. कुठले सारखे, कुठले नाहीत, आणि का. एक चुकलं नाही.  मी दारात उभी होते. बसू आत पुस्तक घेऊन बसला होता, तोही उठून आला. अक्कांनी फडकं घेऊन काचेवरची धूळ पुसली.

"आजून एक धडा बगू," त्या म्हणाल्या. "एकानं काय कळतंय?"

मी दुसरा धडा शिकवला. पुन्हा आठ दिवस. पुन्हा उमानं सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "आजून एक."

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. धाकटी जाऊ म्हणून तोंड मिटून जे जे आलं ते केलं होतं. पण त्या दिवशी माझा तोल गेला. मी थकले होते, आणि पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणाले, "अक्का, एकदा मोड आलेलं बी तुमी परत गोणपाटात गुंडाळता का? कुणाचं गुंडाळलंय आजवर? कुजतं ते."

त्यांनी उमाला आत जायला सांगितलं. ती गेली. दुकानात आम्ही दोघीच.  मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही.

"ह्या गादीवर मी किती वर्सं बसलेय," त्या म्हणाल्या.  "दिसभर समदे बापे. हे दे, ते दे, भाव काय. मला कोन इचारतं, आक्का, जेवलीस का? ही पोरगी शेजारी बसाय लागली तवा मला कळलं, दिस कसा जातो ते."

"मी होते की घरात."

"तू मागं व्हतीस," अक्का म्हणाल्या. "पोरांत."

ते खरं होतं. मधे एकच दार होतं, पण त्या तिकडं आणि मी इकडं, दोघी आपापल्या जागी राबत होतो. त्यांनी मला चार अभ्यासक्रम देऊन त्या खोलीत अडकवलं, म्हणून मी त्यांच्यावर मनातून खार खाऊन होते. त्यांनाही कुणी अडकवलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

शाळेत उमाला घेऊन त्या स्वतः गेल्या. मला बरोबर घेतलं, "सायबांशी तू बोल, तुला त्येंची भाषा येती," म्हणून. पण मुख्याध्यापकांनी प्रश्न विचारला तो त्यांनाच. "मुलगी इतके दिवस घरी होती. तिला शिकवलंत काय?"

अक्कांनी पदर सावरला. "तिला समदं येतं, सर. फवारणीचं परमाण येतं, भाव वाचती, वचनं पाठ..." आणि थांबल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं मला गप्प केलं.

"खरं सांगू का, सर," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिघान्ला मी शिकवायला घरी ठिवलं. हिला सोबतीला ठिवलं."

 मुख्याध्यापक म्हणाले, "चहा घेता का?" उमा जमिनीकडं बघत उभी होती. तिनं आईकडं मान वर करून पाहिलं नाही. पण बाहेर आल्यावर तिनं अक्कांच्या हातातली पिशवी काढून आपल्या हातात घेतली आणि घरापर्यंत ती त्यांच्या बरोबरीनं चालत आली.

तिला आठवीत बसवलं, एक वर्ष मागं. तिच्याहून लहान पोरींत ती उंच दिसायची. आता आम्ही माजलगावला वेगळे राहतो, पल्लवी आणि विरू तिथल्या शाळेत जातात. बसू बाहेरून दहावी देऊन आयटीआयला गेला. चार वाणांतलं एकही बसलं नाही, असं अक्का अजून सगळ्यांना सांगतात, आणि मी ऐकून घेते. उमा यंदा दहावीला आहे. गणितात तिला अजून मेहनत पडते, फोन करून मला विचारते. मी भाकरी थापता थापता सांगते, सवयच आहे.

ती पुन्हा शाळेत गेली तो सोमवार मला आठवतो. अक्कांनी तिच्या वेण्या घातल्या, विभूती लावली, डबा दिला आणि दारात उभ्या राहिल्या. आत येऊन गादीवर बसल्या. मी मागे बाकीच्या पोरांना घेऊन बसले. दुपारी उन्हाची वेळ, बाजार ओस पडलेला, दुकानात चिटपाखरू नाही. भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात पुढून हाक आली, "उमाऽ!"

मी तशीच पिठाच्या हातानं दारात गेले. अक्का गादीवर एकट्या बसल्या होत्या.

"अक्का, उमा शाळेत गेलीय."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "नुस्ती हाक मारली."